दुलईला ऊन हवं

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. 'उबदार घरटं' हे ॲप बंद पडलेलं नाही. डेरिक अव्हेन्यूवर, म्हणजे आमच्या चिनी बाजाराच्या रस्त्यावर, कुणालाही विचारलंत तर तो उलटंच सांगेल. भाजीवाला म्हणेल बंद पडलं, न्हावी म्हणेल बंद पाडलं, आणि छ्यू मावशींना विचारलंत तर त्या उत्तर द्यायच्या आधी पोट धरून हसतील. हसू द्यात. जोहान्सबर्गमधल्या चिनी माणसाला भाड्याचं घर शोधून देणारं हे ॲप मी काढलं, ते चालू आहे, आणि मी आहे तोवर चालू राहणार आहे. ज्यांना हे बघवत नाही त्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं. घर लागलं तर आम्हाला कळवावं.

माझं नाव वेंग, आई तेवढी अछांग म्हणते. इथे येण्याआधी मी चीनमधल्या फूछिंगच्या शाळेत भूगोल शिकवत होतो, म्हणून मला सगळे 'मास्तर' म्हणतात. आता मी एका घाऊक मॉलमध्ये ब्लँकेटं विकतो. ब्लँकेटं विकायला लागल्याने मास्तरकी जात नाही, हे मी पुष्कळांना पुष्कळदा समजावलं आहे. ते "हो मास्तर" म्हणतात आणि ब्लँकेटचा भाव पाडून मागतात.

तर या सगळ्याच्या मुळाशी आहे माझ्या आईची दुलई.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. सामान म्हणाल तर एक पिशवीभर कपडे आणि ही दुलई. कापसाची, चांगली जडशीळ, लाल खोळीवर ताटाएवढी गुलाबी फुलं. मी तिला कौतुकाने माझ्या गाळ्यात नेलं. छतापर्यंत ब्लँकेटं रचलेली. तिने एक चिमटीत धरलं, चुरगळलं आणि म्हणाली, "अछांग, हे प्लास्टिक आहे." समोर तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांना फूछिंगची बोली समजत नसावी अशी मी आशा केली, पण त्यातली दोन फूछिंगचीच निघाली.

आईचा नेम असा. सकाळी ऊन आलं की दुलई गॅलरीच्या कठड्यावर पडायची. दुपारी तिला वेताच्या काठीने झोडपून उलटी करायची. ऊन कलायच्या आत घडी घालून आत. "दुलईला उन्हाचा वास आला नाही तर मला झोप लागत नाही," असं ती सांगायची, आणि खरोखरच लागत नसे. शिवाय तिचे गुडघे. दुलई उन्हात असेल तेवढा वेळ तीही तिच्या शेजारी स्टूल टाकून गुडघे शेकत बसायची. मला वाटतं, दिवसातला तेवढाच वेळ ती या देशात नसायची, किंवा तेवढाच वेळ असायची.

आम्ही राहत होतो त्या सोसायटीचं नाव 'बेला टोस्काना'. नाव इटलीचं, घरमालक ग्रीक, सोसायटीचे अध्यक्ष स्वानेपूल नावाचे आफ्रिकानर, म्हणजे इथले डच वंशाचे गोरे, गृहस्थ, आणि भाडं भरणारे आम्ही. सोसायटीचा एक नियम होता: बाहेरून दिसेल असं काहीही गॅलरीत वाळत घालू नये. आता आईची दुलई बाहेरून दिसत होती का? मला विचाराल तर ती विमानातूनही दिसत असणार. पण दिसली म्हणून बिघडलं काय?

स्वानेपूल साहेबांचं बिघडायचं. त्यांना आधीच एक दुखणं होतं. सोसायटीच्या मागे उतारावर छ्यू मावशींचं घर होतं. मावशी आपल्या भिंतीवर मोहरीचा पाला, मासे, चादरी आणि ज्यांची नावं घेऊ नयेत असे कपडे राजरोस वाळत घालायच्या, आणि ते सगळं साहेबांच्या झोपायच्या खोलीतून समोर दिसायचं. त्यांनी महापालिकेला कळवून पाहिलं. भिंत सोसायटीच्या हद्दीबाहेर आहे, तुमचे नियम तिला लागू नाहीत, असं उत्तर आलं. हद्दीबाहेरचा राग हद्दीच्या आत काढायला त्यांना आम्ही सापडलो.

ते स्वतः आले. हातात दुलईचा फोटो. आई दार उघडून शेजारी उभी.

"मिस्टर वेंग, नियम तो नियम."

"काय म्हणतोय हा?" आईने विचारलं.

"दुलई घालू नका म्हणतोय."

आईने साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्याला सांग, तुझ्या अंथरुणाला कुबट वास येत असणार. आणून दे म्हणावं, माझ्या दुलईशेजारी घालते."

साहेब माझ्याकडे पाहत होते. मी घसा साफ केला. "आई म्हणतेय, ती विचार करेल."

आईने विचार केला नाही. दुलई दुसऱ्या दिवशीही पडली, तिसऱ्या दिवशीही. दंड झाला, ताकीद आली, पुन्हा ताकीद आली, आणि शेवटी ग्रीक घरमालकाचा फोन आला. माणूस भला. फोनवर जवळजवळ रडला, पण एप्रिलअखेर जागा खाली करा म्हणाला.

घर शोधायचं म्हणजे छ्यू मावशी. शहराच्या या भागातल्या चिनी माणसांची घरं त्याच ठरवतात. त्यांचे वीचॅटवर चार ग्रुप आहेत. त्या टाईप करत नाहीत, बोलतात. सकाळी त्यांचा एकेक आवाजी निरोप ऐकायला अर्धा चहा जातो. कुणाच्या घराचा नळ गळतो, कुणाचा मालक कुत्र्यांना मांस घालतो आणि भाडेकरूंना नियम, सगळं त्यांना पाठ. मी आईला घेऊन गेलो. मावशी अंगणात सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या.

"मास्तर, सोसायट्या सगळ्या अशाच," त्या साल थुंकत म्हणाल्या. "वाळत घालायला बंदी. सुटी घरं आहेत, पण त्यांना म्हातारं माणूस नको. खालचे जिने, वरचे जिने, पडलं-झडलं तर कोण निस्तरणार? माझं ऐक. एकतर दुलईला परत पाठव, नाहीतर म्हातारीला."

म्हातारी माझ्या मागेच, हातात कोबीची पिशवी घेऊन उभी होती. मावशींना ती दिसली नव्हती की दिसली होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

परत येताना गाडीत आईने खिडकीबाहेर बघत विचारलं, "अछांग, मे महिन्यात विमान स्वस्त असतं का रे?"

फूछिंगला आता आमचं कुणी नाही. कुलूप लावलेलं घर आहे, वर गच्ची आहे, गच्चीवर ऊन आहे. त्या उन्हात ती एकटी दुलई घालणार आणि एकटीच घडी करणार. मला ते चित्र बघवेना. आणि बघवेना झालं की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि जाहीर केलं, "आई कुठेही जाणार नाही. दुलईसुद्धा जाणार नाही. आणि घरासाठी मी पुन्हा त्या बाईच्या दारात पाऊल ठेवणार नाही. मी स्वतः ॲप काढणार."

"काय काढणार?" आईने विचारलं.

मागून भोंगे वाजायला लागले होते म्हणून मी गाडी सुरू केली.

माझी बायको पेईयुन हे ऐकून भांडी घासायची थांबली नाही. "तुला मोबाईलवर अक्षर मोठं करता येत नाही," ती म्हणाली. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, पण तिच्या मामेभावाकडे केलं नाही. चंगखाय त्याचं नाव, राहतो तिकडे चीनमध्ये फूचौला, आणि डुकरांचं खाद्य विकणाऱ्यांसाठी त्याने एक ॲप बनवलेलं होतं. तेच थोडं बदलून देतो म्हणाला. थोडं म्हणजे किती ते मी विचारायला हवं होतं. पहिले काही आठवडे आमचं ॲप भाडेकरूला त्याचं वजन आणि तो दिवसाला किती खातो हे विचारत होतं. लोकांना वाटलं, घरमालकांचाच काहीतरी नवा दंडक असेल. सगळ्यांनी मुकाट्याने भरून दिलं. एकदोघांनी खाणं कमी करून सांगितलं.

मॉलमध्ये बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. माझ्या शेजारच्या गाळ्यात लाओ फू विजेऱ्या आणि बॅटऱ्या विकतो. तो म्हणाला, "वीज गेली की घरात काय चालू राहतं ते आधी विचार." बरोबर होतं, घातलं. पेईयुनच्या मैत्रिणी म्हणाल्या, शेगडीला आच किती ते विचारा, इथल्या शेगड्यांवर भाजी परतत नाही, उकडते. तेही घातलं. मग 'घरमालकाला मिरचीच्या फोडणीचा ठसका चालतो का' हा प्रश्न आला. भिंत किती उंच, फाटक आपोआप उघडतं की उतरून उघडावं लागतं, रविवारी माजोंगच्या सोंगट्यांचा आवाज शेजाऱ्यांना खपतो का, टोफूचं दुकान पायी किती लांब. एका गृहस्थांना मोठा टब हवा होता. अंघोळीला नव्हे, त्यात ते जिवंत मासे ठेवतात. मी कुणालाही नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणणं हे मावशींचं काम होतं आणि मी त्यांच्याविरुद्ध उभा होतो. शेवटी एकसष्ट प्रश्न झाले. बासष्टावा पेईयुनने सुचवला: 'हे ॲप बनवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का?' तो घातला नाही.

एके दिवशी चंगखायचा फोन आला. "दाजी, चांगलं घर आपोआप वर आलं पाहिजे ना? दक्षिणमुखी घराला मी पाच तारे दिलेत. मोबाईल दारात धरला की होकायंत्र दिशा सांगतं आणि तारे आपसूक पडतात. उत्तरमुखीला एक."

"शाबास!" मी म्हणालो. यात विचार करण्यासारखं काय होतं? फूचौ घ्या नाहीतर बीजिंग घ्या, घर बघायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो: दक्षिणमुखी आहे ना? दक्षिणमुखी म्हटलं की भाव वर जातो. माझ्या आजोबांनी घर दक्षिणमुखी बांधलं, राजेलोकांनी वाडे दक्षिणमुखी बांधले. पाच तारे तेही कमीच.

मध्यंतरी सरकार आडवं आलं. ॲपला कंपनी हवी, कंपनीला बँकेतलं खातं हवं, खात्याला माझ्या राहत्या जागेचा पुरावा हवा. बँकेतल्या बाई म्हणाल्या, भाडेकरार आणा. मी म्हणालो, तो संपतोय. मग नव्या जागेचा आणा. नवी जागा शोधण्यासाठीच तर हे ॲप आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे जागा मिळाल्याशिवाय तुम्हाला जागा शोधता येणार नाही," असं त्या अगदी मायेने म्हणाल्या आणि मला पोलीस चौकीत प्रतिज्ञापत्र करायला पाठवलं. तिथल्या हवालदाराने हात वर करायला लावला, शपथ वाचली आणि विचारलं, "राहता कुठे?"

"तेच तर ठरायचंय," मी हात वरच ठेवून म्हणालो.

त्याने माझ्या जुन्या भाडेकरारावरून बेला टोस्कानाचाच पत्ता लिहिला आणि शिक्का मारला. ज्या घरातून आम्हाला हाकललं त्याच घराच्या जोरावर माझी कंपनी उभी राहिली, याचं मला फार समाधान वाटलं.

ॲप सुरू झालं आणि धडाक्यात चाललं. मावशींचे टोमणे न ऐकता घर मिळतं म्हटल्यावर लोक तुटून पडले. लाओ फूने चाचणी म्हणून सहज मावशींच्याच घरासमोर मोबाईल धरला. उत्तरमुखी. एक तारा. यादीत सगळ्यात खाली. दुसऱ्या दिवशी मावशींचा आवाजी निरोप चारही ग्रुपवर आला. त्यात आधी माझा, मग माझ्या शाळेचा आणि शेवटी ज्यांनी मला पदवी दिली त्या लोकांचा उद्धार केला होता. त्यांचं घर मला यादीतून काढता आलं असतं. मी काढलं नाही. नाकावर टिच्चून तिथेच ठेवलं.

आम्हीही आमच्याच ॲपवरून घर घेतलं. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, सुटं घर, पुढे बाग, सोसायटी नाही, अध्यक्ष नाही, मालकाला फोडणीचा ठसका चालतो. पाच तारे. एप्रिलात थंडी नसतेच. आईने बागेत दोरी बांधली, दुलई घातली, काठीने झोडपली, आणि विमानाचं नाव काढलं नाही. मी जिंकलो होतो. आठवडाभर मी मॉलमध्ये हात मागे बांधून फिरत होतो.

मे महिन्यात आईची दोरी सरकायला लागली. आधी बागेच्या मधोमध होती, ती कुंपणाकडे गेली. मग कुंपणाला चिकटली. मग एक दिवस ती दुलई खांद्यावर घेऊन बागेत नुसतीच फिरताना दिसली. उन्हाचा तुकडा शोधत होती. घराची सावली अंगणभर पसरली होती आणि सावलीच्या पलीकडे टेकडीची सावली. जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, सकाळी गवतावर पांढरं हीव दिसायला लागलं ते दुपारपर्यंत तसंच राहायचं. खोल्यांत बोलताना तोंडातून वाफ निघे. दुलईला कुबट वास यायला लागला. आईने आपली कपड्यांची पिशवी कपाटावरून काढून पलंगाखाली ठेवली, एवढंच केलं. मला ते दिसलं आणि मी दिसलं नाही असं दाखवलं.

मी काय करणार होतो? मी दिवसभर मॉलमध्ये असतो. मॉलला खिडक्या नसतात. इतक्या वर्षांत सूर्य कुठल्या बाजूने येतो हे बघायची माझ्यावर वेळ आली नव्हती.

शेवटी मी चंगखायला फोन केला. तो जरा घुटमळला. "दाजी, मी वाचलं की तुमच्या तिकडे ऊन उत्तरेकडून येतं. म्हणजे दक्षिणमुखी घरं... ती सावलीत. पण तुम्ही तर भूगोल शिकवायचात ना?"

"मी आठवीला चीनचा भूगोल शिकवायचो," मी म्हणालो. "दक्षिण गोलार्ध सातवीला होता. सातवी लियू मास्तरांकडे होती."

हे अगदी खरं आहे आणि यावर कुणी हसण्याचं कारण नाही.

पण तोवर सगळीकडे बोंब झाली होती. आमच्या पाच ताऱ्यांच्या घरांत राहायला गेलेली सगळी कुटुंबं कुडकुडत होती, आणि कुडकुडत कुठे आली? माझ्याच गाळ्यावर, कारण ब्लँकेटं मीच विकतो. माझा माल संपला. आयुष्यात कधी झाला नाही इतका धंदा झाला आणि तो माझ्या गळ्याशी आला. एका बाईने ब्लँकेट बगलेत मारून सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, आधी घरं गार केलीत आणि मग ब्लँकेटं काढलीत. हे तुम्ही शाळेतच शिकवायचात का?"

"मी... अहो, मीसुद्धा त्याच गारठ्यात राहतो!"

"तुमच्याकडे ब्लँकेटं फुकट आहेत!"

लाओ फूने मला बाजूला घेतलं. तो मनापासून दुखावला होता. "मास्तर, शेजारधर्म म्हणून मला आधी सांगायचंस. मी हीटर मागवले असते."

तेवढ्यात सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. छ्यू मावशी. "ऐका हो ऐका, मास्तरांच्या उबदार घरट्यात राहायला जाणाऱ्यांनी कोट घालून जावं. येताना अंडी आणू नयेत, उबणार नाहीत." सगळा मॉल हसला. मी मात्र मान ताठ ठेवून उभा राहिलो. ॲप बंद करा, असं कुणीतरी म्हणालं. मी म्हणालो, करणार नाही. का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, करणार नाही म्हणून करणार नाही.

आणि तेव्हा पेईयुनचा फोन आला. "आई घरात नाहीत. दुलईपण नाही."

पलंगाखालची पिशवी माझ्या डोळ्यांसमोर आली. मी गाळा लाओ फूच्या हवाली केला आणि निघालो. पेईयुनला वाटेत घेतलं. टोफूच्या दुकानात पाहिलं, भाजीबाजारात पाहिलं. पेईयुन विमानतळावर जाऊ या म्हणाली आणि मी तिच्यावर ओरडलो, कारण मलाही तेच वाटत होतं. ती उलट ओरडली नाही, तेव्हा मला जास्तच भीती वाटली. विमानतळाच्या रस्त्याला लागताना बेला टोस्काना लागतं. मी सवयीने मान वर केली. मागच्या उतारावर, छ्यू मावशींच्या भिंतीवर, मासे आणि मोहरीच्या पाल्याच्या मधोमध ताटाएवढी गुलाबी फुलं होती.

ज्या दारात पाऊल ठेवणार नव्हतो त्यात मी धावत गेलो. अंगणभर ऊन सांडलं होतं. आई भिंतीशी खुर्चीत बसून झोपली होती. तोंड उघडं, पाय उन्हात पसरलेले. कितीतरी दिवसांत मी तिला इतकं गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं. मला एकदम भरून आलं आणि मी दुलईकडे बघत उभा राहिलो.

"रडू नकोस, पाला खारट होईल," मावशी म्हणाल्या. त्या बिया सोलत होत्या. "सकाळी आली. दुलई पाठीला बांधून, चालत. मी म्हटलं, आजी, इकडे कुठे? तर म्हणाली, माझ्या मुलाच्या ॲपात तुझं घर सगळ्यात खाली आहे ना? मग ऊन इथेच असणार."

पेईयुन तोंडावर हात घेऊन हसायला लागली. मी हसलो नाही.

"तिला परत पाठवायला तुम्हीच सांगितलं होतंत," मी म्हणालो.

मावशींचा हात थांबला. "सांगितलं होतं. माझ्या आईला मी इथे आणलंच नाही कधी. गावीच एकटी वारली ती." त्यांनी एक बी तोंडात टाकली. "मागची जागा रिकामी आहे. दोन खोल्या आहेत, स्वयंपाकघर आहे. तिघं मावाल. पण माझ्या घराचा तो एक तारा काढायचा."

"चालू ॲपमध्ये मी वशिल्याने हात घालत नाही."

"अरे मेल्या, मी तुला घर देतेय!"

"मग नीट नोंदवा. सगळ्यांनी एकसष्ट प्रश्नांची उत्तरं दिली आहेत, तुम्हीही द्या."

पेईयुनने डोक्याला हात लावला. पण छ्यू मावशींना मी ओळखून होतो. त्या आव्हान टाळत नाहीत. त्यांनी बियांची वाटी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "विचार." शेगडीला आच? "घर जाळशील एवढी." फोडणीचा ठसका? "मीच घालते." माजोंग? "चार गडी लागतात, तिघं आहात, चौथी मी." एक प्रश्न चंगखायकडून काढायचा राहून गेला होता तोही मी वाचला: दिवसाला किती खाता? "तुझं डोकं सोडून सगळं!" मावशी ओरडल्या आणि आई जागी झाली.

"अछांग," ती म्हणाली, जणू मी रोजच्यासारखा बाजारातून आलो होतो. "माझी पिशवी पलंगाखाली आहे. ती इथे आण."

"आणतो," मी म्हणालो. मग शेवटचा प्रश्न वाचला. "अंगणात दुलई घातलेली चालेल का?"

मावशींनी भिंतीपलीकडे, खाली बेला टोस्कानाकडे पाहिलं. "रोज घालणार असाल तरच जागा मिळेल, असं लिही."

ॲपमधून दिशा काढून टाकली. तारेही काढले. आता घरमालकाला एकच फोटो द्यावा लागतो: भर दुपारी अंगणात वाळत घातलेल्या दुलईचा. ज्या दुलईवर ऊन, ते घर वर. चंगखाय म्हणाला, असं जगात कुठल्याही ॲपमध्ये नाही. मी म्हणालो, मग जगाचं चुकतंय. कुडकुडणाऱ्या कुटुंबांना खालच्या यादीतली घरं एकेक करून मिळताहेत. तोवर त्यांचं काय, हा प्रश्न आईने सोडवला. तिने मावशींना सांगितलं आणि मावशींनी चारही ग्रुपवर निरोप टाकला: रविवारी दुलया घेऊन या.

रविवारी रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. ब्लँकेटवरून मला बोलणारी ती बाईसुद्धा आली. भिंत पुरेना म्हणून दोऱ्या बांधल्या, दोऱ्या पुरेनात म्हणून गाड्यांच्या टपांवर घातल्या. लाल, निळ्या, पोपटी, कशिद्याचे मोर आणि जोडीने पोहणारी बदकं. लाओ फूने दुलया झोडपायच्या काठ्या विकायला आणल्या होत्या. आई सगळ्यांच्या पुढे, भिंतीशी उभी.

खाली एक खिडकी उघडली. स्वानेपूल साहेबांच्या झोपायच्या खोलीची. दक्षिणेची खिडकी, आमच्या जुन्या हिशोबाने पाच तारे. साहेब स्वेटरवर स्वेटर घालून उभे होते.

"मिस्टर वेंग! हे काय चाललंय?"

"काय म्हणतोय हा?" आईने विचारलं.

"जुनंच."

"मग त्याला जुनंच सांग. त्या दिवशी सांगितलं होतं ते."

मी भिंतीवरून वाकलो. मागे सगळी डेरिक अव्हेन्यू ऐकत होती.

"मिस्टर स्वानेपूल, माझी आई म्हणते, तुमच्या अंथरुणाला कुबट वास येत असणार. आणून द्या. ती तिच्या दुलईशेजारी घालेल."

या वेळी मी एक शब्दही बदलला नाही. साहेब काही बोलायच्या आत आईने काठी उचलली.